खाल्लं कुठं, टाकलं कुठं: समुद्रातली स्थलांतरं आणि कार्बनचा हिशेब

१७ जानेवारी २०२६ पासून खुल्या समुद्राचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरच्या पलीकडचं पाणी कुठल्याच एका देशाचं नसतं. तिथल्या जिवांचं रक्षण कसं करायचं, हे या करारात ठरवलं आहे. भारतानं सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली. अशा बातम्यांच्या आगेमागे एक वाक्य हल्ली वारंवार वाचायला मिळतं: समुद्री प्राण्यांच्या स्थलांतरामुळं हवेतला कार्बन खोल समुद्रात साठवला जातो. वाचायला बरं वाटतं. पण थांबून विचार केला की काहीच उलगडत नाही. देवमासा अंटार्क्टिकाकडून विषुववृत्ताकडं पोहत गेला, तर साखर कारखान्याच्या धुराड्यातून वर गेलेल्या धुराचं त्यात काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ही आपली गावं घाटमाथ्याची नाहीतर देशावरची. समुद्राशी आपला संबंध बहुतेक करून कॅम्पातल्या मच्छी मार्केटापुरता. चोर्ल्यानं किंवा अनमोडनं वर चढून आलेला बांगडा घ्यायचा, आणि १ जून ते ३१ जुलै बंदी लागली की त्याच्या भावावरून कुरकुर करायची. (कारवारची मंडळी यात धरलेली नाहीत, त्यांच्या दारातच समुद्र आहे.) पण हा विषय कळायला समुद्र पाहिलेला असावा लागतो असं नाही. मेंढरं पाहिलेली असली की पुरतं.

शेतात बसवलेली मेंढरं

सुगी आटोपून रानं मोकळी झाली की धनगरांचे कळप आपल्याकडं फिरू लागतात. दिवसा माळावर, गायरानात, बांधाकडेला चरायचं आणि रात्री कुणाच्या तरी शेतात बसायचं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो किंवा पैसे मोजतो. मेंढरांनी शेतात करायचं काहीच नसतं, फक्त रात्र काढायची. सकाळी कळप उठून गेला की मागं लेंड्या आणि मूत राहतं. माळावरच्या गवतातलं सत्त्व गाडी न जुंपता, पाटी न उचलता शेतात येऊन पडलेलं असतं.

सगळी किमया एकाच गोष्टीत आहे: चरण्याची जागा वेगळी आणि लेंड्या टाकण्याची जागा वेगळी. माळावर चरून माळावरच बसणाऱ्या कळपाला कुठला शेतकरी पैसे देईल?

समुद्रातल्या स्थलांतराचा हिशेबही असाच चालतो. प्राण्यानं वरच्या पाण्यात खाल्लं आणि खोल जाऊन टाकलं, तर कार्बन खाली जातो. खोल जाऊन खाल्लं आणि वर येऊन टाकलं, तर खत वर येतं. थंड समुद्रात खाल्लं आणि हजारो किलोमीटरवरच्या उष्ण समुद्रात टाकलं, तर खताचा प्रदेशच बदलतो. पुढचं सगळं या तीन वाटांचं आहे, आणि तिन्ही सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

मुळात कार्बन पाण्यात शिरतो कसा

समुद्राच्या वरच्या शंभर-दोनशे मीटरपर्यंतच पुरेसा उजेड पोचतो. त्या उजेडात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती वाढतात. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जिवांना प्लवक म्हणतात, म्हणून या झाल्या वनस्पती-प्लवक. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या आपलं शरीर बनवतात. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातलं जवळपास निम्मं यांचं. कार्बनच्या वजनात सांगायचं तर वर्षाला ४५ ते ५० अब्ज टन. खानापूरच्या रानात झाडं दिसतात म्हणून जंगलाचं मोल पटकन कळतं. हे न दिसणारं रान मात्र कुणाच्या मोजणीत नसतं.

या रानाचा मोठा भाग काही दिवसांत खाल्ला जातो. खाणारा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड पुन्हा पाण्यात आणि तिथून हवेत जाऊ शकतो. म्हणजे बेरीज शून्य. पण थोडा हिस्सा निसटतो. मेलेलं प्लवक, प्राण्यांची विष्ठा, चिकट कणांचे पुंजके हळूहळू खाली बसत जातात. असा उजेडाच्या थरातून खाली उतरणारा कार्बन वर्षाला ५ ते १२ अब्ज टनांच्या दरम्यान असावा, असे अंदाज आहेत. वरून खाली कार्बन उतरवणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेला जैविक पंप म्हणतात.

किती खोल गेला यावर पुढचं सगळं ठरतं. दोनशे मीटरवर सोडलेला कार्बन काही वर्षांत किंवा दशकांत पाण्याच्या घुसळणीबरोबर पुन्हा वर येतो. हजार मीटरच्या खाली गेलेल्याला वर यायला शतकं लागतात. हा पंप मुळीच नसता, तर हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २०० भागांनी जास्त असतं, असं शास्त्रज्ञ मानतात. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हे प्रमाण २८० च्या आसपास होतं आणि आज ४२० च्या पुढं गेलं आहे, हे लक्षात घेतलं की २०० चा आकडा केवढा मोठा आहे ते कळेल.

रोज रात्री वर, रोज पहाटे खाली

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी सोनार यंत्रावर जोरात काम चालू होतं. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अंतर काढतं. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधकांना काही शे मीटरवरून प्रतिध्वनी येऊ लागला. नकाशाप्रमाणे तळ तर त्याहून कितीतरी खाली. हा खोटा तळ होता, आणि तोही एका जागी राहीना. संध्याकाळी वर सरकायचा, उजाडताना खाली जायचा. १९४५ मध्ये स्क्रिप्स या सागरी संस्थेतल्या मार्टिन जॉन्सन यांनी या रोजच्या ये-जेचा माग घेतला आणि हा थर सजीवांचा असल्याचं पुढं आलं. तळ वाटावा इतकी त्यांची दाटी होती.

या थरात असतं कोण? कोपेपॉड नावाचे एक-दोन मिलिमीटरपासून पुढचे कवचधारी जीव. क्रिल, म्हणजे दिसायला आपल्या जवळ्यासारखा, पण अंटार्क्टिकात सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. लहान माकूल, जेलीसारखे पारदर्शक प्राणी. आणि लँटर्नफिश, म्हणजे पोटाला आणि कुशीला उजेडाचे ठिपके असलेले बोटाएवढे मासे. दिवसभर हे सगळे दोनशे ते हजार मीटर खोल अंधारात थांबतात. अंधार पडला की वर येतात, रात्रभर खातात आणि उजाडण्याआधी परततात. कारण सरळ आहे: अन्न वर आहे आणि दिवसा वर राहिलं तर मोठा मासा बघून गिळतो.

उजेडाच्या बाबतीत हे जीव फार चोख असतात. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाश जास्त असला की बरेच जण नेहमीइतके वर येत नाहीत. खग्रास सूर्यग्रहणात भरदिवसा अंधारून आलं, तेव्हा हा थर वर सरकू लागल्याच्याही नोंदी आहेत. दोन मिलिमीटरचा जीव रोज काही शे मीटर चढतो आणि उतरतो. जगातल्या प्रत्येक महासागरात रोज रात्री हे चालू असतं. वजनाच्या हिशेबानं पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं प्राणी-स्थलांतर हेच, आणि आपण स्थलांतर म्हटलं की अजून फ्लेमिंगोंचे फोटो बघत बसतो.

आता मेंढरांची गोष्ट इथं लावा. रात्री वर चरलेलं अन्न पोटात घेऊन हे प्राणी पहाटे खाली जातात. तिथं दिवसभर श्वास सोडतात, विष्ठा टाकतात, काही तिथंच मरतात किंवा खाल्ले जातात. वरून आपसूक खाली बसणाऱ्या कणाला वाटेत शेकडो मीटर भुकेल्या जिवाणूंमधून जावं लागतं, त्यामुळं त्यातला बराच भाग मध्येच संपतो. चारशे मीटरवर टाकलेल्या विष्ठेला ती वाटच करावी लागत नाही. समुद्रानुसार आणि मोजण्याच्या पद्धतीनुसार आकडे बदलतात, पण जैविक पंपानं खाली जाणाऱ्या कार्बनपैकी साधारण १० ते ३० टक्के अशा चालत्या-फिरत्या वाहतुकीनं जातो, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसतं.

अन्नसाखळीवर याचा परिणाम आणखी सरळ आहे. खोल अंधारात काही उगवत नाही. तिथल्या प्राण्यांना वरून पडेल त्यावर जगावं लागतं, आणि त्यात ताजं, जिवंत अन्न रोज स्वतःहून खाली येतं ते या थराच्या रूपानं. तलवारमासा आणि काही जातींचे टूना तर दिवसा या थराच्या मागं खोल बुडी मारतात आणि रात्री त्याच्याबरोबर वर येतात. म्हणजे आपल्या ताटात येणाऱ्या टूनाचं वजनसुद्धा काही प्रमाणात या रोजच्या ये-जेवर पोसलेलं असतं.

काही जण महिनोन्‌महिने खालीच

थंड समुद्रांत वरचं अन्न वर्षभर मिळत नाही. उन्हाळ्यात सुकाळ, हिवाळ्यात काहीच नाही. तिथले काही कोपेपॉड उन्हाळ्यात खाऊन अंगात चरबी साठवतात आणि हिवाळ्यात खाली उतरून हालचाल जवळपास थांबवतात. उत्तर अटलांटिकमधली एक जात ६०० ते १४०० मीटर खोलवर हिवाळा काढते. त्या काळात ती चरबी हळूहळू जाळते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिथंच, खोल पाण्यात सुटतो. यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. चरबीत कार्बन असतो, पण नायट्रोजन आणि लोह जवळपास नसतं. म्हणजे कार्बन खाली गेला तरी वरच्या रानाचं खत त्याच्याबरोबर फारसं जात नाही.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराचा असा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले कोपेपॉड, क्रिल वगैरे प्राणी-प्लवक हिवाळ्यात खाली उतरतात, त्यातून वर्षाला सुमारे ६.५ कोटी टन कार्बन ५०० मीटरच्या खाली जातो, असा तो अंदाज आहे. हा आकडा लक्षात ठेवा, देवमाशांकडं गेल्यावर लागेल.

देवमासे: खत वर आणि खत दूर

देवमाशांचं काम बरोबर उलट दिशेनं चालतं. स्पर्म देवमासा माकूल खायला काही शे मीटरपासून हजार मीटरच्या खालीपर्यंत बुडी मारतो. बुडीत असताना शरीर अनावश्यक कामं थांबवतं, त्यामुळं विष्ठा टाकायची ती श्वास घ्यायला वर आल्यावर. ती पातळ असते आणि पाण्यावर ढगासारखी पसरते. खाल्लं खाली, टाकलं वर.

दक्षिण महासागरात या खताला फार किंमत आहे. तिथं नायट्रोजन, फॉस्फरस भरपूर, उन्हाळ्यात उजेडही भरपूर, पण लोह इतकं कमी की वनस्पती-प्लवक पूर्ण वाढत नाही. ज्यानं द्राक्षाला किंवा उसाला पिवळेपणा आल्यावर फेरस सल्फेट दिलं आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. क्रिल खाणाऱ्या देवमाशांच्या विष्ठेतलं लोह तिथल्या समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे एक कोटी पट दाट असतं.

विसाव्या शतकात माणसानं जगभरात जवळपास २९ लाख मोठे देवमासे मारले. अंटार्क्टिकातले निळे देवमासे शिकारीपूर्वी सुमारे २ लाख ३९ हजार असावेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काही शेवर आले होते. आता व्यवहारी बुद्धी सांगते की खाणारे गेले, तर क्रिल उतू जायला हवं होतं. तसं झालं नाही. २०२१ मधल्या एका अभ्यासानुसार, शिकारीपूर्वी दक्षिण महासागरातले देवमासे वर्षाला ४३ कोटी टन क्रिल खात असावेत. आज तिथं असलेल्या एकूण क्रिलच्या जवळपास दुप्पट. म्हणजे खाणारे जास्त होते तेव्हा खाणंही जास्त होतं. माळावर चरणारा कळप काढून टाकल्यावर गवत दुप्पट व्हायच्याऐवजी रोडावलं, असाच हा प्रकार. देवमासे लोह पुन्हा पुन्हा वरच्या पाण्यात फिरवत होते, हे त्याचं एक पटणारं उत्तर आहे. एकमेव नव्हे, कारण वितळणाऱ्या बर्फाचाही क्रिलवर परिणाम झाला आहे.

तिसरी वाट लांबच्या स्थलांतराची. हंपबॅक, ग्रे यांसारखे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात पोटभर खातात आणि हिवाळ्यात पिल्लं द्यायला उष्ण पाण्यात जातात. अलास्काकडून हवाईला जाणाऱ्या हंपबॅकचंच घ्या. हवाईत ते जवळपास उपाशी असतात. अंगावरची चरबी आणि मांस जाळतात, आणि त्यातला नायट्रोजन मुतावाटे बाहेर पडतो. शिवाय वार पडते, काही पिल्लं मरतात. २०२५ च्या एका अभ्यासानं हे मोजलं: मोठे देवमासे अशा रीतीनं दरवर्षी सुमारे ४ हजार टन नायट्रोजन थंड समुद्रांतून उष्ण, निकृष्ट पाण्यात नेतात. युरियाच्या पोत्यांची सवय असलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तो मोजक्या उथळ जागांवर पडतो, आणि तिथल्या पाण्याला दुसरं खत फारसं मिळत नाही.

मेलेल्या देवमाशाचाही हिशेब आहे. खोल समुद्रात बुडालेलं त्याचं धूड दशकानुदशकं अन्न पुरवतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ असा एक सांगाडा सापडला आणि त्याच्यावर जगणारी पूर्ण वस्ती पाहायला मिळाली. पुढं नुसतं हाड पोखरून जगणारे किडेही सापडले.

“पण हे प्राणी श्वासही सोडतातच की!”

अगदी बरोबर, आणि हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्राणी कार्बन बनवत नाही की नष्ट करत नाही, खाल्लेलं जाळून तो कार्बन डायऑक्साइडच सोडतो. फरक पडतो तो कुठं सोडला यानं. कोपेपॉडनं चारशे मीटरवर सोडलेला श्वास लगेच हवेत येत नाही. देवमासा मात्र हवेतच श्वास सोडतो, म्हणून त्याच्या खात्यात वजाबाकी करावी लागते. दक्षिण महासागरातल्या १२ हजार स्पर्म देवमाशांची ती करून पाहिलेली आहे. त्यांच्या विष्ठेतल्या लोहामुळं वाढलेल्या प्लवकातून वर्षाला ४ लाख टन कार्बन खोल जातो. ते श्वासातून २ लाख टन सोडतात. शिल्लक २ लाख टन.

आता मघाचा ६.५ कोटींचा आकडा काढा. त्याच महासागरातले प्राणी-प्लवक या देवमाशांच्या तीनशे पटींहून जास्त कार्बन खाली नेतात. फोटो देवमाशाचा छापला जातो आणि ओझं कोपेपॉड वाहतो.

“मग देवमासे वाढवले की हवामानाचा प्रश्न सुटला?”

नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मासिकात अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या देवमाशाची किंमत २० लाख डॉलरच्या वर लावली, आणि तेव्हापासून ही कल्पना समाजमाध्यमांवर फिरते आहे. त्या लेखाप्रमाणं एक मोठा देवमासा आयुष्यभरात सरासरी ३३ टन कार्बन डायऑक्साइड अडकवतो. सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन बाहेर टाकतो. म्हणजे एका देवमाशाचं आख्खं आयुष्य एका माणसाच्या सोळा-सतरा वर्षांना पुरतं, आणि तेही तो किनाऱ्याला न लागता खोल पाण्यात बुडाला तर.

जग दरवर्षी कोळसा, तेल, वायू जाळून सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. स्पर्म देवमाशांची ती २ लाख टन कार्बनची शिल्लक कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलली (कार्बनच्या वजनाला ३.६७ नं गुणायचं), तर साडेसात लाख टनांच्या आत भरते. पन्नास हजारांतला एक भाग. देवमासे जपायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत. धुराच्या हिशेबात त्यांना ओढून कंपन्यांना प्रमाणपत्रं विकायची तयारी कुणी करत असेल, तर त्याच्याकडून आधी वजाबाकीचा कागद मागावा.

“समुद्र आपला चौथा हिस्सा धूर शोषतो, तो याच पंपानं ना?”

इथं बहुतेक लेख घसरतात. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा भाग समुद्र घेतो, हे खरं. पण ते मुख्यतः रसायनशास्त्राचं काम आहे. हवेत वायू वाढला की पाण्यात जास्त विरघळतो आणि थंड, जड पाणी तो घेऊन खाली बुडतं. प्राण्यांचा पंप लाखो वर्षांपासून चालू आहे. जेवढा कार्बन तो खाली नेतो, साधारण तेवढाच दुसरीकडं जुन्या पाण्याबरोबर वर येतो. आपण धूर वाढवला म्हणून कोपेपॉड जास्त खात नाहीत.

मग धास्ती कसली? पंप ढिला पडण्याची. तो आज जो साठा खाली धरून आहे, तो सांभाळायचं काम कमी झालं, तर आधीच वाढलेल्या हवेतल्या कार्बनमध्ये समुद्राच्या बाजूनं भर पडेल. गरम होणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, वरचं आणि खालचं पाणी नीट मिसळत नाही, वरचं रान खुरटतं. खाली उतरून राहण्याची जागाही आक्रसते. हे सगळं कुठं किती होईल यावर वाद आहेत, दिशेवर फारसे नाहीत.

आपला अरबी समुद्र जरा वेगळा आहे

खानापूर तालुक्याची एक गंमत आहे. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्याच तालुक्यातल्या रानातली म्हादई गोव्यातून अरबी समुद्राला. म्हणजे डोंगराच्या एका उताराचं पाणी तरी आपण अरबी समुद्राला देतोच.

नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला ढकलतात, आणि त्या जागी खालचं थंड, खतानं भरलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात तसंच, कमी प्रमाणात, होतं. प्लवक फोफावतं. तारली आणि बांगडा त्यावर वाढतात. आपल्याला जून-जुलैत मासे महाग मिळतात, त्याच महिन्यांत समुद्रात त्यांचं पीक उभं राहत असतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मोजमापं केली, तेव्हा आणखी एक गोष्ट पक्की झाली: इतका सुपीक असूनही हा समुद्र वर्षभराच्या हिशेबात हवेला कार्बन डायऑक्साइड देतो. खालून वर येणारं पाणी खताबरोबर जुना साठलेला कार्बनही आणतं, आणि प्लवकाला तो सगळा पुरा उचलता येत नाही. पंप जोरात चालतो म्हणून समुद्र हवेतला कार्बन ओढतोच, असं नाही.

दुसरं वैशिष्ट्य प्राणवायूचं. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत इथं प्राणवायू अत्यंत कमी आहे; जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी हा एक. तरीही इथले लँटर्नफिश दिवस काढायला याच थरात उतरतात. हालचाल आणि श्वास मंद करून तिथं राहतात, कारण पाठलाग करणाऱ्या टूनाला तिथं दम टिकवता येत नाही.

आणि स्थलांतराच्या लेखात सांगायलाच हवा असा अपवादही याच समुद्रात आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे ध्रुवाकडं जातच नाहीत. मोसमी वाऱ्यांमुळं अन्न आणि पिल्लांना ऊबदार पाणी दोन्ही इथंच मिळतं. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्या हंपबॅकपासून वेगळे राहिलेत. ओमानच्या किनाऱ्याला त्यांची संख्या शंभरच्या आत आहे. गोव्याजवळच्या पाण्यात त्यांची गाणी यंत्रांनी टिपली आहेत. १९६० च्या दशकाच्या मध्यावर सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा शिकार करून २४२ हंपबॅक मारले, तेही बहुतेक सगळे १९६६ च्या एका नोव्हेंबरात. एवढ्या लहान कळपाला तो घाव अजून भरून काढता आलेला नाही.

या थरावर आता कुणाचा डोळा आहे

खोल पाण्यातल्या लँटर्नफिशसारख्या माशांचं जगभरातलं वजन पूर्वी एक अब्ज टन धरलं जायचं. २०१४ मध्ये सोनारच्या मोजणीवरून ते दहा अब्ज टनांच्या घरात असू शकेल, असं पुढं आलं. अंदाजात अजून बरीच ओढाताण आहे. पण जग समुद्रातून वर्षाला सुमारे आठ कोटी टन मासळी काढतं, त्याच्याशेजारी हा आकडा ठेवला की कुणालाही मोह होईल. माणसाला खायला हे मासे फारसे बरे नाहीत, तेलकट आणि बारीक. म्हणून नजर आहे ती फिशमीलसाठी, म्हणजे मासळी वाळवून-दळून केलेल्या खाद्यासाठी. केरळच्या खोल समुद्रातल्या कोळंबीच्या जाळ्यांत हे मासे आताही येतात. कर्नाटकच्या किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने आहेतच, आणि तारली नाहीतर जाळ्यात आलेली किरकोळ मासळी तिथं जाते.

“इतके अब्ज टन आहेत, थोडे काढले तर काय बिघडलं?” हा आक्षेप वेडगळ नाही. पण त्या माशांचं आजचं काम शून्य धरून तो केलेला असतो. ते काढले की खाली जाणारा कार्बन किती घटेल आणि टूना-तलवारमाशांचं काय होईल, हे आधी मोजायला लागेल. अमेरिकेनं २०१६ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या पाण्यात अशा माशांची नवी व्यापारी मासेमारी शास्त्रीय तपासणी होईपर्यंत बंद ठेवली. मासेमारी सुरू होण्याआधी घातलेली बंदी, हे एरवी फारसं कुठं घडत नाही. खुल्या समुद्राच्या नव्या करारानं संरक्षित क्षेत्रं ठरवता येतील आणि मोठ्या उद्योगांआधी परिणामांची तपासणी मागता येईल. मासे किती काढायचे हे ठरवणं मात्र मुख्यतः वेगळ्या मासेमारी संघटनांकडंच राहतं.

बांगडा-तारली खाणाऱ्यानं यातून दचकून जायचं कारण नाही. ते वरच्या, किनाऱ्यालगतच्या पाण्यातले मासे. त्यांचा प्रश्न वेगळा, लहान पिल्लं पकडण्याचा. केरळनं त्यासाठी बांगड्याला १४ सेंटिमीटर आणि तारलीला १० सेंटिमीटरची किमान लांबी ठरवली आहे. लँटर्नफिश मात्र कॅम्पातल्या मार्केटात पाटीत दिसायची शक्यता नाही. तो आपल्याकडं आलाच तर कोंबडीच्या नाहीतर तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यातून येईल, आणि खाद्याच्या पोत्यावर छापलेलं असेल फक्त ‘फिशमील’.